जुना खोकला आणि पायावरची सूज

वीस-पंचवीस वर्षे बिडी ओढलेले किंवा चुलीच्या धुरात आयुष्य काढलेले रुग्ण खोकल्याला आणि धापेला सरावलेले असतात. मग एके दिवशी पाय सुजतात आणि घरची मंडळी घाबरतात. ‘डॉक्टर, किडनी तर गेली नाही ना?’ असे मला नेहमी विचारले जाते. किडनीची तपासणी करावी लागतेच. पण अशा रुग्णात पुष्कळदा दमलेली असते ती हृदयाची उजवी बाजू, आणि मूळ दुखणे असते फुफ्फुसात.

या आजाराला ‘कॉर पल्मोनेल’ म्हणतात. वैद्यकीय परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. विद्यार्थ्याने पायावर बोट दाबून खळगा पडतो का, मानेच्या शिरा फुगल्या आहेत का, यकृत वाढले आहे का हे पाहायचे आणि मग कारण सांगायचे.

ते कारण असे. हृदयाची उजवी बाजू अशुद्ध रक्त फुफ्फुसाकडे पाठवते. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा कमी पोचते, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते. ही निसर्गाची सोय. परंतु फुफ्फुस सगळीकडेच खराब झाले, की सगळ्याच वाहिन्या आकसतात व दाब वाढतो. उजव्या कप्प्याची भिंत मुळात पातळ. ती आधी जाड होते, नंतर थकते. रक्त मागे तुंबते आणि पायात पाणी उतरते.

म्हणून लघवी होण्याच्या गोळ्यांनी सूज उतरली तरी आजार बरा होत नाही. या गोळ्या मनाने वाढवू नयेत. रक्तातील पोटॅशियम घटते. खरी उणीव प्राणवायूची असते. ब्रिटनमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशाच रुग्णांना रोज किमान १५ तास प्राणवायू दिल्याने त्यांचे आयुष्य वाढल्याचे दिसले. मात्र किती द्यायचा हे डॉक्टरांनीच ठरवावे. जास्त दिल्यास काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. प्राणवायू सुरू असलेल्या खोलीत बिडी-काडी पेटवू नये; आगीचा धोका असतो.

ओठ निळसर पडले, रुग्ण गुंगीत राहू लागला, तर त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

पण पाय सुजेपर्यंत थांबायचे कशाला? वर्षानुवर्षे खोकला असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर फुंकून करायची स्पायरोमेट्री ही तपासणी करून घ्या. बिडी आजच सोडा. गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्याची चूल अनेक घरी धुमसतेच. तिचा धूरही तितकाच वाईट.