विमानाची नित्यनैमित्तिक निगा

पुष्पक विमान कधी दुरुस्तीसाठी थांबले होते, असे माझ्या तरी वाचनात नाही. मनुष्याने निर्मिलेल्या विमानास मात्र ही सवलत नाही. बोइंग 777 जातीच्या एका विमानात लहानमोठे सुमारे 30 लाख भाग असतात. कालांतराने त्यांतील कोणी झिजतो, कोणी गंजतो, तर कोणी शिणतो. बैलगाडीचे चाक निखळले तर गाडी वाटेत थांबते. आकाशात थांबावयास वाट नसते. म्हणून आधी बिघाड व मग दुरुस्ती हा आपला घरगुती क्रम येथे उलटा करावा लागतो.

आमच्या नरखेड-काटोलच्या संत्र्याच्या बागांत हा विषय कोठून आला, असे कोणी विचारील. परंतु नागपूर आणि विमान यांचा संबंध जुना आहे. 1949 साली रात्रीची टपालविमाने सुरू झाली, तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत जात. त्याच नागपुरात मिहान येथे बोइंग कंपनीने विमानांच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र बांधले व ते 2015 साली एअर इंडियाच्या स्वाधीन केले. तेथे नेमके काय चालते, हे आपल्या मुलांस ठाऊक असावे.

कर्माचे नित्य आणि नैमित्तिक हे भेद आपल्या घरांत सर्वांस परिचित आहेत. विमानाच्या निगेसही तेच लागू पडतात. बिघाड असो वा नसो, ठरल्या वेळी जे करावेच लागते ते नित्य. वीज पडली, पक्षी आदळला, उतरताना चाके जोराने आपटली अथवा वैमानिकाने नोंदवहीत तक्रार लिहिली, म्हणजे जे करावे लागते ते नैमित्तिक.

नित्याची वेळ तीन मापांनी ठरते: दिवस, उड्डाणाचे तास आणि उड्डाणांची संख्या. रबर वापरावाचूनही जुने होते, म्हणून दिवस मोजावयाचे. इंजिन चालेल तितके झिजते, म्हणून तास मोजावयाचे. तिसरे माप सर्वांत सूक्ष्म आहे. उंचावर हवा विरळ असल्यामुळे आत हवेचा दाब राखावा लागतो. त्यायोगे प्रत्येक उड्डाणात विमानाचे धड किंचित फुगते व उतरल्यावर पूर्ववत होते. तार वारंवार वाकविली असता तुटते, तद्वत हा पत्राही अखेर शिणतो.

या मापांनुसार तपासणीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली धावपट्टीलगतची. दोन उड्डाणांच्या मध्यंतरात विमानाभोवती फिरून टायर, ब्रेक, इंजिनाची पाती, तेलाची पातळी व कोठे गळती आहे काय, हे पाहतात. ही विमानाची दिनचर्या. काही शे तासांनंतर ‘ए’ तपासणी येते. ती बहुधा एका रात्रीत आटोपते. ‘बी’ तपासणीची कामे अलीकडे ‘ए’मध्येच वाटून देतात. दीड-दोन वर्षांनी ‘सी’ तपासणी येते. तेव्हा विमान हँगरमध्ये घेऊन झाकणे उघडतात व आतील सांगाडा पाहतात. सहा ते बारा वर्षांनी येणारी ‘डी’ तपासणी म्हणजे कायाकल्पच! आसने, तक्तपोशी, भिंतींची अस्तरे, सर्व काढून विमान उघडे करतात. इंजिनातील काही फिरत्या चकत्या तर दिसावयास निर्दोष असल्या तरी ठराविक फेऱ्या पूर्ण होताच टाकून देतात.

एवढा खटाटोप कशासाठी, हे बागाईतदारास सांगावे लागत नाही. संत्र्याच्या बुंध्यावर डिंक्याचा पहिला थेंब दिसताच जो साल खरवडून मलम लावतो, त्याचे झाड वाचते. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांतील अलोहा कंपनीच्या विमानाच्या छताचा सुमारे 18 फूट भाग उड्डाणातच उडून गेला व एक परिचारिका प्राणास मुकली. त्या विमानाची जवळजवळ 90 हजार उड्डाणे झाली होती आणि पत्र्याच्या जोडांत बारीक भेगा पडल्या होत्या. विमानात चढताना एका प्रवासी स्त्रीस एक भेग दिसलीही होती; पण ती कोणापाशी बोलली नाही. नजरेस न येणाऱ्या भेगा शोधण्यास आज क्ष-किरण, ध्वनिलहरी व विद्युत्प्रवाह यांचे साहाय्य घेतात.

परंतु यंत्रे कितीही आली तरी अखेर भिस्त मनुष्यावरच. 10 जून 1990 रोजी इंग्लंडात एका विमानाची पुढील काच आकाशात निखळली. वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. आदल्या दिवशी ती काच नवी बसविली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट व्यासाने पाऊण मिलिमीटरहूनही कमी बारीक, एवढाच दोष! जुन्या बोल्टाशी नजरेने जुळवून ते घेतले होते, आणि ते काम पडताळणारा दुसरा मनुष्य नव्हता. यास्तव मोठ्या जोखमीचे काम एकाने करावे व दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासावे, असा दंडक असतो. पाळी संपताना हत्यारे मोजून ठेवतात. लग्नघरी भांडी मोजतात तशी, परंतु अधिक कसोशीने. कारण विसरलेला एक पानाही घातक ठरू शकतो.

काम पुरे झाल्यावर परवानाधारक अभियंता सही करतो. हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय परीक्षा घेऊन देते. यंत्रभाग पाहणाऱ्याचा वर्ग ‘बी-1’, विद्युत् व इलेक्ट्रॉनिक उपकरणे पाहणाऱ्याचा ‘बी-2’. त्या सहीवाचून विमान सुटत नाही. किरकोळ दोष ठराविक मुदतीपर्यंत पुढे ढकलण्याची मुभा असते; पण कोणता दोष किरकोळ, हेही पुस्तकात आधीच लिहिलेले असते. उतारूंच्या घाईवर ते ठरत नाही.

आपल्या कुटुंबांतून मुले-सुना परदेशी जातात, तेव्हा आपण वैमानिकाच्या कौशल्यावर भरवसा ठेवतो. तो योग्यच आहे. परंतु रात्रीच्या प्रहरी, कोणी पाहत नसताना, एक बोल्ट पुन्हा मापून पाहणाऱ्या मनुष्याच्या सचोटीवरही ते तितकेच विसंबून असतात. यापुढे ‘तांत्रिक कारणामुळे विलंब’ अशी सूचना ऐकू आली, तर त्रागा करण्यापूर्वी कोणी तरी सही करण्यास नकार दिला असेल, एवढे मनात आणावे. आणि घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने हा व्यवसाय पत्करावयाचे म्हटले, तर त्यात हात काळे होतात म्हणून नाक मुरडू नये. हात तेलाने माखलेले आणि सही निष्कलंक, ही काही लहान विद्या नव्हे.