मॉडेल रेल्वे : भारतीय इंजिनाला रूळ अरुंद का पडतात?

घरातल्या टेबलावर भारतीय रेल्वे उभारणारे हौशी एकमेकांना झालेलं काम दाखवतात, तेव्हा आधी रंगकामाचं कौतुक होतं. मग कुणीतरी चाकांकडे बोट दाखवतंच! अडचण गणिताची आहे.

लोकप्रिय ‘एचओ’ मॉडेल खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान असतं. त्याच्या तयार रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. त्याला ८७ ने गुणलं की येतात सुमारे १,४३५ मिमी, म्हणजे युरोप-अमेरिकेतला स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमी. त्यासाठी रूळ सुमारे १९.३ मिमी अंतरावर हवेत.

तयार रूळ घेतले तर गाडी लगेच धावते, पण रुंद डब्याखाली चाकं आत दबल्यासारखी दिसतात. अचूकपणा हवा तर रूळ, सांधे, चाकांचे आस सगळं हातानं करायचं. त्यात महिने जातात.

नॅरोगेजवाल्यांचं नशीब मात्र बरं. बार्शी लाइट रेल्वेचा गेज ७६२ मिमी होता. ८७ ने भागलं की ८.७६. ‘एन’ मॉडेलचे ९ मिमीचे रूळ तयार मिळतात, फरक पाव मिलिमीटरचा. फक्त त्यांचे स्लीपर फार बारीक आणि दाटीनं बसवलेले असतात. ते खडीत झाकावे लागतात.