गुणायचं की भागायचं? दशांशाची शाब्दिक उदाहरणं

गेल्या आठवड्यात दशांश आणि शतांश ही स्थानं फळ्यावर मांडून पाहिली. आता ती वाक्यात घालून बघू, कारण मुलं अडतात ती तिथेच. सहावीतला मुलगा 12.35 × 4 हे बिनचूक सोडवतो, पण तेच आकडे गोष्टीत गुंफून दिले की पेन थांबतं आणि प्रश्न येतो, "सर, गुणायचं का भागायचं?" त्याला रीत येते. कोणती रीत लावायची, हे ठरवता येत नाही.

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 5,328 रुपये. "माल 3 क्विंटल, पैसे किती?" असं विचारलं की अख्खा वर्ग गुणाकार करतो. आता वाक्य तेच ठेवा, मालाचा आकडा तेवढा बदला : 0.75 क्विंटल. लगेच काही मुलं भागाकाराकडे वळतात. का, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "एका क्विंटलपेक्षा कमी माल आहे, मग पैसे कमीच यायला पाहिजेत. म्हणून भागलं."

या उत्तरावर रागावू नका. त्यातलं पहिलं वाक्य सोळा आणे खरं आहे. पैसे कमीच यायला हवेत. गडबड आहे ती "गुणलं की वाढतं, भागलं की घटतं" या समजुतीत, आणि ती आपणच दुसरी-तिसरीपासून पूर्ण संख्यांची गणितं देऊन पक्की केलेली असते. 5,328 ला 0.75 ने भागा : 7,104 येतात. म्हणजे पाऊण क्विंटलला पूर्ण क्विंटलपेक्षा जास्त पैसे! आडतीवर जाऊन आलेल्या कुठल्याही पोराला हे खटकेल, मात्र त्याने उत्तराकडे वळून पाहायला हवं. ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. एफ्राईम फिशबाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या मुलांचा अभ्यास करून 1985 साली हेच दाखवून दिलं. पूर्ण संख्यांवर घडलेली समजूत वरच्या वर्गांतल्या मुलांनाही सोडत नाही.

मग शिकवायचं कसं? पेन हातात घेण्याआधी दोन कामं करून घ्या. पहिलं, दशांश संख्येच्या जागी सोपी पूर्ण संख्या ठेवून तेच उदाहरण मोठ्याने वाचायचं. 3 क्विंटलला गुणलं होतं ना? मग 0.75 लाही गुणायचंच. आकडा बदलला म्हणून व्यवहार बदलत नाही. दुसरं, उत्तराचा अंदाज वहीच्या कडेला आधीच लिहायचा. एक क्विंटलचे सव्वापाच हजार, अर्ध्याचे अडीच हजारांच्या वर; म्हणजे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. यानंतर गुणाकार करून 3,996 आले की मुलाला स्वतःलाच कळतं, जमलं. बिंदू सरकून 399.6 आले, तरी तेही त्याचं त्यालाच कळतं. माझ्या मते दशांशाच्या तासाला अंदाजाला निम्मे गुण द्यायला हवेत.

इथे घरातल्या आजोबांची मदत होते. निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी पाठ केलेली पिढी अजून आहे. पाऊण क्विंटलचे पैसे ते तोंडी सांगतात : भावाचे निम्मे 2,664, त्याचे निम्मे 1,332, झाले 3,996. बिंदूशिवाय तेच उत्तर. 0.25, 0.5, 0.75, 1.25, 1.5, 2.5 या संख्या पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच म्हणून मुलांना आधीपासून ठाऊक असतात. ही ओळख वर्गात करून दिली नाही, तर "0.25 मोठं, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे" असं म्हणत ती पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा ठरवून बसतात.

आता जमिनीचा हिशोब. मराठवाड्यातल्या मुलाला याहून चांगला धडा नाही आणि याहून मोठा चकवाही नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. 100 आर म्हणजे 1 हेक्टर, त्यामुळे तिथला बिंदू खरा दशांश बिंदू. 0.81 लिहिलेलं असेल तर वडील त्याला दोन एकर म्हणतात. पण घरच्या वहीत 1.25 लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक एकर पंचवीस गुंठे, आणि एकराला गुंठे 40. असे दोन तुकडे मिळून 2.50 होत नाहीत. 50 गुंठ्यांतला एक एकर वर जातो आणि 3 एकर 10 गुंठे होतात. क्रिकेटमधली 4.3 षटकंही याच जातीची. म्हणून उदाहरण वाचताना पहिला प्रश्न हाच हवा : बिंदूच्या उजवीकडे काय आहे, आणि असे किती मिळून डावीकडचा एक होतो?

गाइडांमधल्या किल्लीशब्दांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. "एकूण दिसलं की बेरीज, प्रत्येकी दिसलं की भागाकार" हे शिकवणं थांबवा. "तीन भावांना प्रत्येकी 0.54 हेक्टर जमीन आली, तर वाटणीआधी किती होती?" यात प्रत्येकी आहे आणि करायचा आहे गुणाकार : 1.62 हेक्टर. किल्लीशब्दावर वाढलेलं पोर इथे हमखास भागतं. वाटणीचं चित्र काढलेलं पोर चुकत नाही.

शेवटी एक लांबलचक उदाहरण, पूर्ण तासाचं. 1 मिलिमीटर पाऊस 1 हेक्टरवर पडला की 10,000 लिटर पाणी होतं. 0.81 हेक्टरवर 42.5 मिमी पाऊस पडला, तर पाणी किती? आधी अंदाज : 40 ला 0.8 ने गुणलं की 32, म्हणजे तीन लाख वीस हजारांच्या आसपास. नेमकं उत्तर 3,44,250 लिटर. आता मुलांना 2016 चा एप्रिल सांगा. त्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या आणि पाणी होतं सुमारे 5 लाख लिटर, म्हणजे एका वाघिणीत साधारण 50,000. मग वडिलांच्या दोन एकरांवर एका पावसात पडलेलं पाणी भरायला अशा किती वाघिणी लागतील? भागाकार 6.885 सांगतो. 6.885 वाघिणी कुठल्याच गाडीला जोडता येत नाहीत. "किती लागतील?" असं विचारलं असेल तर 7, "किती काठोकाठ भरतील?" असं विचारलं असेल तर 6. आणि "सातवीत किती पाणी असेल?" असं विचारलं, तर 0.885 ला 50,000 ने गुणायचं. हा शेवटचा प्रश्न मुलांनी घरून सोडवून आणावा, अंदाज कडेला लिहून. पुढच्या आठवड्यात शेकडेवारी घेऊ, सोयाबीनच्या ओलाव्यापासून सुरुवात करून.