मुदत उलटल्यानंतरचा विवाह: कॅनडातील स्पॉन्सरशिपविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

टोरांटोच्या आसपास मराठी कुटुंबे ज्या ज्या निमित्ताने एकत्र येतात, मग तो गणेशोत्सव असो वा कोणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा, तेथे जेवणे आटोपून मंडळी पांगू लागली की कोणीतरी बाजूला घेऊन दबक्या आवाजात एक प्रश्न विचारतो. पाहुणा म्हणून व्हिजिटर व्हिसावर आलेला, राहण्याची मुदत केव्हाच उलटून गेलेला आणि मध्यंतरी येथील नागरिकाशी किंवा स्थायी निवाशाशी विवाहबद्ध झालेला माणूस पीआरसाठी, म्हणजे स्थायी निवासासाठी, अर्ज करू शकतो का, हा तो प्रश्न. त्यावर दोन उत्तरे तत्परतेने मिळतात. ‘आता काहीएक होणे नाही, मुकाट्याने भारतात परत जा’ हे एक, आणि ‘लग्न झाले ना, मग काळजी कसली’ हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि त्यांच्यापायी माणसे वर्षानुवर्षे भयात राहतात किंवा निष्काळजीपणाने स्वतःचे अपरिमित नुकसान करून घेतात, हे पाहिल्यावर या विषयाची साद्यंत मांडणी करणे मला कर्तव्य वाटते.

प्रारंभ तारखेपासूनच करावा लागतो, कारण पहिला घोटाळा तेथेच होतो. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर जी अखेरची तारीख छापलेली असते ती प्रवेशाच्या परवानगीची मर्यादा होय. त्या तारखेपर्यंत देशाच्या दारात उभे राहता येते, एवढाच तिचा अर्थ. आत आल्यावर किती काळ राहावयाचे हे सीमेवरील अधिकारी ठरवितो, आणि त्याने वेगळी तारीख लिहून दिली नसेल तर नियमाप्रमाणे प्रवेशाच्या दिवसापासून ६ महिने ही मुदत धरली जाते. म्हणून ज्याच्या व्हिसावर दहा वर्षांची मुदत आहे असा माणूसही सातव्या महिन्यात मुदतबाह्य ठरू शकतो, आणि पासपोर्टवर शिक्काच मारला नाही म्हणून मुदतच नाही, असा समज करून घेणारा तर हटकून ठरतो.

मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज दिलेला असेल, तर निकाल लागेपर्यंत पाहुण्याचा दर्जा कायद्याने टिकून राहतो. तसा अर्ज दिला नसेल आणि मुदत उलटली असेल, तरीही ९० दिवसांच्या आत दर्जा पूर्ववत करून मिळण्यासाठी अर्ज करण्याची मुभा आहे. ही मुभा अनेकांना ठाऊकच नसते. ठाऊक असते त्यांपैकी कित्येकजण ‘उगाच सरकारचे लक्ष आपल्याकडे कशाला वेधा’ असे म्हणून ते ९० दिवस हातचे घालवितात. या संपूर्ण प्रकरणात याहून स्वस्त आणि याहून सोपा असा दुसरा मार्ग नाही.

आता विवाहाकडे येऊ. विवाहाचा परवाना देणे हा कॅनडात प्रांतांच्या अखत्यारीतील विषय असून, वधू किंवा वर यांच्या व्हिसाची मुदत शिल्लक असणे ही त्याची अट नाही. त्यामुळे मुदतबाह्य माणसाचा विवाहही यथाविधी वैध असू शकतो. परंतु वैध विवाहाने वास्तव्याचा हक्क आपोआप उत्पन्न होत नाही. विवाहनोंदणीचा दाखला हाती पडला त्या दिवशी तो माणूस जितका मुदतबाह्य होता तितकाच दुसऱ्या दिवशीही असतो. पती वा पत्नीने स्पॉन्सर म्हणून, आपल्या भाषेत बोलायचे तर हमीदार म्हणून, रीतसर अर्ज करावा, जोडीदाराने त्यासोबत पीआरचा अर्ज जोडावा आणि दोहोंची छाननी व्हावी, तेव्हाच काही घडते. आणि विवाहाच्या वेळी दोघेही प्रत्यक्ष उपस्थित असले पाहिजेत: फोनवरून, इंटरनेटवरून किंवा प्रतिनिधीमार्फत लागलेले लग्न जून २०१५ पासून या कामी सामान्यतः ग्राह्य धरले जात नाही, मग अंतरपाट दूर होताना दोन्हीकडच्या वऱ्हाडाने अक्षता टाकल्या असोत.

ज्यांच्याकडे पाहुण्याचा दर्जा उरलेला नाही त्यांना कॅनडात राहून असा अर्ज करता येतो का, हा खरा कळीचा प्रश्न आहे. २००२ साली अमलात आलेल्या इमिग्रेशनच्या नियमांतील १२४ वे कलम पाहिले तर उत्तर नकारार्थी दिसते. कारण ‘कॅनडातील पती-पत्नी’ या वर्गात मोडण्यासाठी अर्जदाराने हमीदारासह कॅनडात एकत्र राहावे आणि त्याच्यापाशी तात्पुरत्या निवाशाचा दर्जा असावा, अशी त्यात स्पष्ट तरतूद आहे. परत जाण्याचा सल्ला देणारे याच कलमावर बोट ठेवतात. मात्र १८ फेब्रुवारी २००५ रोजी, जो व्होल्पे हे इमिग्रेशन खात्याचे मंत्री असताना, शासनाने एक लोकहितार्थ धोरण जाहीर केले, आणि ज्यांचे सहजीवन खरे आहे अशा दांपत्यांची ताटातूट होऊ नये या हेतूने, अशा अर्जदारांना दर्जाच्या अटीतून सूट दिली. व्हिसाची मुदत उलटणे, परवान्यावाचून काम किंवा शिक्षण केलेले असणे, आवश्यक व्हिसा नसताना प्रवेश केलेला असणे, हे सारे या धोरणाच्या भाषेत ‘दर्जाचा अभाव’ या एका सदरात पडते आणि क्षम्य ठरते. सबब, ओव्हरस्टे, म्हणजे मुदतबाह्य वास्तव्य, झाले म्हणून केवळ त्या कारणासाठी भारतात परतण्याची गरज नाही. ज्याला परतून तेथून अर्ज करावयाचा असेल त्याला तो मार्गही मोकळा आहे.

पण या क्षमेची हद्द नीट ओळखली पाहिजे, कारण दुसऱ्या बाजूचा गैरसमज येथे जन्मतो. धोरण माफ करते ते एवढेच: दर्जा नसणे. गुन्हेगारीची पार्श्वभूमी, देशाच्या सुरक्षिततेला धोका, यापूर्वी हद्दपार होऊन परवानगीवाचून परत येणे, बनावट पासपोर्टच्या आधारे केलेली फसवणूक, यांतील काहीही त्यात बसत नाही. आणि असत्य कथन तर मुळीच बसत नाही. मुदत उलटल्याचे अर्जात लिहिले तर आपण पकडले जाऊ, या भीतीने तारीख बदलणारी, परवान्यावाचून केलेल्या कामाची वर्षे ‘बेरोजगार’ म्हणून दाखविणारी, पूर्वीचा नाकारला गेलेला व्हिसा किंवा मोडलेला विवाह गाळून टाकणारी माणसे मी पाहिली आहेत. आणि मन विषण्ण होते ते अशासाठी की, ज्या गोष्टी त्यांनी लपविल्या त्यांपैकी बहुतेक लपविण्यासारख्या नव्हत्याच. इमिग्रेशन कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे महत्त्वाची वस्तुस्थिती दडविणे किंवा चुकीची सांगणे याला ५ वर्षांची प्रवेशबंदी आहे. जो दोष धोरणाने धुऊन टाकला असता त्याच्यावर पांघरूण घालण्यासाठी, ज्याला त्या धोरणात क्षमा नाही असा दुसरा दोष माणूस स्वतःच्या हाताने निर्माण करतो.

अर्ज दाखल केला की हद्दपारी थांबते, हीही अशीच एक अर्धवट माहिती आहे. या धोरणाखालील अर्जदारांना सीमा सेवा खात्याकडून हद्दपारीची कारवाई ६० दिवस तहकूब ठेवण्याची सवलत सामान्यतः मिळते. परंतु ती त्यांनाच, ज्यांनी हद्दपारीपूर्व मुलाखतीचे बोलावणे येण्याआधी अर्ज केलेला असतो. ज्याच्या नावे वॉरंट निघालेले आहे किंवा ज्याच्यावर फौजदारी आरोप प्रलंबित आहेत त्याला ती मिळत नाही. याच्या उलट, कारवाई सुरू होण्याआधीच जो स्वतःहून देश सोडतो त्याच्यावर केवळ ओव्हरस्टेमुळे ठरावीक वर्षांची बंदी लागत नाही. मुदत उलटल्यावरून बहिष्करणाचा हुकूम निघाला तर मात्र साधारणपणे १ वर्ष परत येण्यासाठी विशेष परवानगी लागते.

विवाह खरा आहे की केवळ कागदोपत्री, याची तपासणी हा या अर्जाचा प्राण आहे. येथे ‘लग्न नोंदलेले आहे, आता सिद्ध काय करावयाचे’ असा प्रश्न मराठी मंडळी हमखास विचारतात. विवाह प्रामुख्याने वास्तव्याचा लाभ मिळविण्यासाठी केलेला असेल, किंवा तो खरा नसेल, तर अर्ज फेटाळता येतो. ३० सप्टेंबर २०१० पासून या दोहोंपैकी एक कारण सिद्ध झाले तरी पुरते. पहिल्याची परीक्षा लग्न लागले त्या वेळच्या हेतूवरून होते, दुसऱ्याची आजच्या सहजीवनावरून. मुदत उलटल्यानंतर झालेल्या विवाहाकडे अधिकारी अधिक बारकाईने पाहणार, हे गृहीत धरूनच तयारी केली पाहिजे. दोघांच्या नावे असलेला घरभाड्याचा करार, संयुक्त बँकखाते, एकाच पत्त्यावर येणारी बिले, विम्यातील वारसाचे नाव, प्रवासाची तिकिटे, लग्नाआधीच्या संभाषणांच्या नोंदी, अशा सामान्य कागदांचे मोल शंभर छायाचित्रांहून अधिक असते. आपल्याकडील लग्नाला शेकड्यांनी माणसे जमतात हे अधिकाऱ्यांना ठाऊक असते. त्यामुळे दोन साक्षीदारांसमक्ष झालेला विवाह, ज्यात आईवडील कोठेच दिसत नाहीत, त्यांना खटकतो. जातीबाहेरचे लग्न म्हणून घरचे आले नसतील, वडिलांना व्हिसा मिळाला नसेल, किंवा खर्च झेपत नसेल, तर ते तसे, आडपडदा न ठेवता, स्वतंत्र पत्रात लिहून द्यावे. मौन राखले तर त्या रिकाम्या जागी अधिकारी स्वतःचा तर्क बसवितो.

हमीदाराविषयीचे समज त्या मानाने थोडक्यात निकालात काढता येतात. पती-पत्नीच्या स्पॉन्सरशिपसाठी सामान्यतः उत्पन्नाची किमान मर्यादा नाही. मात्र अपंगत्वाखेरीज अन्य कारणाने सरकारी निर्वाह-साहाय्यावर जगणाऱ्याला हमी घेता येत नाही, आणि जो स्वतः जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर स्थायी निवासी झाला त्याला पुढील ५ वर्षे ती घेता येत नाही. हमी ३ वर्षांची असते आणि घटस्फोटाने ती संपत नाही. ‘दोन वर्षे एकत्र राहिले नाही तर पीआर जाते’ ही सशर्त पीआरची तरतूद ऑक्टोबर २०१२ मध्ये आली होती आणि एप्रिल २०१७ मध्ये रद्द झाली. तरीही त्या अटीचा धाक घालून बायकोला मारहाण सोसायला लावणारे पुरुष आहेत, म्हणून ती अट आज अस्तित्वात नाही, हे प्रत्येक मराठी घरात कळले पाहिजे.

देशात राहून अर्ज करण्याची किंमतही ठाऊक असावी. ज्याच्याकडे दर्जा नाही त्याला पात्रतेचा पहिला टप्पा मंजूर होईपर्यंत कामाचा परवाना सहसा मिळत नाही. अर्ज दिला म्हणजे काम करण्याची मुभा मिळाली, असे नव्हे. निकालाआधी आईच्या आजारपणासाठी जरी भारतात जावे लागले, तरी परत प्रवेश मिळेलच असे नाही, आणि अर्ज तर कॅनडातील एकत्र वास्तव्यावर उभा असतो. अर्ज फेटाळला गेला तर हमीदाराला अपील मंडळाकडे दाद मागता येत नाही. १५ दिवसांत फेडरल कोर्टाकडे परवानगी मागावी लागते. बाहेरून केलेल्या कुटुंबवर्गाच्या अर्जाला मात्र हमीदाराच्या अपिलाचा हक्क असतो. ज्याचा पुरावा डळमळीत आहे त्याने हा फरक आधी तोलून पाहावा, असे माझे मत आहे.

मूल कॅनडात जन्मले की आईबापांचा प्रश्न सुटतो, ही समजूतही खोलवर रुजलेली आहे. मूल नागरिक होते हे खरे. पण १८ वर्षांचे होईपर्यंत ते कोणाचीही हमी घेऊ शकत नाही. जमैकाहून १९८१ साली पाहुणी म्हणून आलेली मेव्हिस बेकर ही बाई अकरा वर्षे लोकांच्या घरी राहून काम करीत होती, तिला कॅनडात चार मुले झाली, आणि तरीही १९९२ मध्ये तिच्यावर हद्दपारीचा हुकूम निघाला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिची मानवतेच्या आधारावरील विनंती नाकारणारा निर्णय रद्द केला, तिचे प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फेरविचारासाठी पाठविले, आणि मुलांच्या हिताचा गांभीर्याने विचार झालाच पाहिजे असे बजावले. विचार झाला पाहिजे, एवढेच न्यायालय म्हणाले. मुलांमुळे आईला हक्क मिळतो असे नव्हे.

मोबदला घेऊन सल्ला देण्याचा अधिकार कॅनडात वकील, क्वेबेकचे नोटरी, कायदा सोसायटीचे परवानाधारक पॅरालीगल आणि इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’ या नियामक संस्थेचे नोंदणीकृत सदस्य यांनाच आहे. त्या सदस्यांची यादी कोणालाही पाहता येते. ‘तारीख मी बघून घेतो, तुम्ही फक्त सही करा’ असे सांगणाऱ्याच्या टेबलावरून तत्क्षणी उठावे, कारण अर्जातील प्रत्येक विधानाची जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

ज्या वाचकाला हा प्रश्न स्वतःसाठी पडला असेल त्याला माझी एवढीच विनंती आहे, की त्याने आज पासपोर्ट काढून प्रवेशाची तारीख पाहावी. तिच्यापासून मोजलेली मुदत संपून ९० दिवस झाले नसतील, तर दर्जा पूर्ववत करण्याचा अर्ज याच आठवड्यात द्यावा. ते दिवस उलटून गेले असतील आणि विवाह खरा असेल, तर हद्दपारीच्या मुलाखतीची चिठ्ठी दारात येण्याची वाट न पाहता, मुदत कोणत्या दिवशी संपली ती तारीख जशीच्या तशी लिहून पती-पत्नींनी मिळून स्पॉन्सरशिपचा अर्ज करावा.