वेताळ एकटा नव्हता

चित्रकथेच्या एकेका अंकाचे परीक्षण करावे, असे आपल्याकडे कोणाला फारसे वाटत नाही. कादंबरीचे होते, नाटकाचे होते, हल्ली मिसळीचेही होते. पण ज्या पातळ, रंगीत पुस्तिकांनी एका पिढीला वाचनाची चटक लावली, त्यांतला सरस अंक कोणता आणि टाकाऊ कोणता, हे मोठ्यांनी कधी विचारले नाही. मुलांनी मात्र ते काम त्या काळी चोख केले. आमच्या पेठेतल्या वाचनालयात नवा अंक आला की दोन-चार दिवसांत त्याचा निकाल लागे. एक तर 'फक्कड', नाही तर 'बंडल'. अपील नाही.

मी म्हणतो ते 'इंद्रजाल कॉमिक्स'. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. पहिल्या अंकात कथा होती वेताळाच्या पट्ट्याची. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे. मग जादूगार मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी आला. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि इतर भाषांतही अंक निघत. १९९० मध्ये मालिका बंद पडली, तोवर एकट्या इंग्रजीत आठशेच्या वर अंक निघाले होते.

तिकडे अमेरिकेत त्या सुमारास महानायकांच्या टोळ्या बांधल्या जात होत्या. १९६० मध्ये 'जस्टिस लीग' आली, १९६३ मध्ये 'अॅव्हेंजर्स'. आपल्या वाट्याला मात्र एकांडे शिलेदार आले, असे वाटायचे. आता साठी उलटल्यावर जुने अंक पुन्हा वाचताना उलटेच दिसते. फक्कड ठरलेल्या अंकांत नायक सहसा एकटा नाहीच!

वेताळाचेच घ्या. ली फॉक यांनी १९३६ मध्ये त्याला जन्माला घातले. मूळ कथेतला देश बंगाल्ला. इंद्रजालने त्याचे डेंकाली केले आणि सिंग चाच्यांचे सिंगा. नावांचा बंगालशी आणि आपल्या सिंगांशी घोळ नको, असाच त्यामागचा विचार असावा. ज्या अंकात वेताळ एकटाच दहा गुंडांना लोळवतो आणि त्यांच्या जबड्यांवर कवटीची खूण उमटवतो, तो अंक मिटला की विसरायला होतो. लक्षात राहतात ते गुरानचे अंक, विषारी बाणांच्या बांदारांचे अंक आणि विशेषतः जंगल गस्ती दलाचे. या दलातल्या शिपायांना आपला सेनापती कोण, हेच ठाऊक नाही. हुकूम एका तिजोरीत येतात. सेनापती भुयारातून येऊन ते ठेवून जातो आणि कामगिरी पार पाडतात शिपाई. दलाचा इतिहासही गमतीचा आहे. सहाव्या वेताळाने त्याची पहिली धुरा सोपवली ती रेडबिअर्ड नावाच्या, एके काळच्या चाच्याकडे.

मॅन्ड्रेकचेही तेच. तो हात हलवून समोरच्याला भलतेच दाखवतो. पण भास म्हणजे भिंत नव्हे, ती पाडायला लोथार लागतो. १९३४ च्या पहिल्या कथांत हा लोथार कातडे नेसलेला, मोडके बोलणारा नोकर होता. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रे काढू लागले, त्यानंतर तो बरोबरीचा मित्र झाला. अंकांची गोडी त्याने वाढलीच. आणि घरात स्वयंपाक करणारा होजो? तो आंतरराष्ट्रीय पोलिसी संघटनेचा गुप्त प्रमुख!

परीक्षण करायचे तर दोषही सांगायला हवेत. काळ्या लोकांच्या जंगलात न्याय देणारा गोरा माणूस, हा या कथांचा पायाच साम्राज्याच्या काळातला आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच झाला, म्हणून ही गोम झाकली जात नाही.

तिचे उत्तर इंद्रजालमध्येच मिळाले. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला 'बहादूर' आला. अंगात कुर्ता, खाली जीन्स, मुखवटा नाही. बाप दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीने मेलेला. आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याने त्याला मारले, त्यानेच पोराला वाढवलेले. सूड घ्यायचा की नाही, हा पेच पहिल्याच अंकात. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते त्याचे नागरिक सुरक्षा दल. गावाला दरोडेखोरांपासून वाचवायचे ते गावकऱ्यांनीच. बहादूर त्यांना उभे करतो, शिकवतो. बेला त्याच्या बरोबरीने लढते. तारणहाराची वाट पाहत बसायची आपली सवय जुनी आहे. तिला या अंकांनी शांतपणे धक्का दिला.

याउलट, १९८६ मध्ये अमेरिकेत वेताळ, मॅन्ड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन यांना एकत्र आणून 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' ही व्यंगपट मालिका काढली. ६५ भाग झाले. मार्व्हलने तिचे कॉमिकही काढले, ते ४ अंकांत आटोपले. चार बलवान एका रांगेत उभे केले म्हणजे संघ होत नाही. एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याला जमते आणि पहिल्याला ते कबूल असते, तेव्हा संघ होतो.

आज नातवंडांबरोबर महानायकांचा सिनेमा बघताना हाच प्रश्न विचारून पाहावा : नायकाचे हात टेकले तेव्हा काम कोणी केले? मुले पटकन उत्तर देतात, आणि त्यावरून सिनेमा फक्कड की बंडल हेही ठरते.

जाता जाता एक. बहादूरचे जनक सुरती यांनी २००७ मध्ये मुंबईजवळ मीरा रोडला एक उपक्रम सुरू केला. रविवारी घरोघर जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. कल्पना त्यांची, पण बरोबर एक प्लंबर असे.