तोंडवलीहून अंधशाळेपर्यंत: एक हिशेब

२००१च्या जनगणनेत भारतातल्या १ कोटी ६ लाख ३५ हजार माणसांची नोंद दृष्टिदोषाच्या रकान्यात झाली. २०११मध्ये तो आकडा ५० लाख ३२ हजारांवर आला. याच काळात अपंगांची एकूण संख्या मात्र २ कोटी १९ लाखांवरून २ कोटी ६८ लाखांवर गेली. म्हणजे दहा वर्षांत निम्म्याहून अधिक लोकांना अचानक दिसू लागलं असावं! घडलं ते एवढंच, की २००१ला एकाच डोळ्याने नीट दिसणारा माणूसही दृष्टिदोषात धरला होता, २०११ला तो वगळला. त्यामुळे या विषयावरचा कोणताही आकडा हाती आला, की आधी विचारावं: मोजताना अंध कोणाला म्हटलं?

महाराष्ट्राचा २०११चा आकडा ५ लाख ७४ हजार ५२ आहे. राज्यातल्या २९ लाख ६३ हजार अपंगांपैकी हे १९ टक्क्यांच्या थोडे वर. यात मोतीबिंदू पिकलेले आजी-आजोबा फार. शाळेच्या वयाची मुलं किती, हे कळायला दुसऱ्या वाटेने जावं लागतं. भारतात हजार मुलांमागे सुमारे ०.८ मुलं अंध असतात, असा अंदाज नेत्रतज्ज्ञ बरीच वर्षं वापरत आले आहेत. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ला ८ लाख ४९ हजार ६५१ होती, दहा वर्षांपूर्वीपेक्षाही कमी, कारण हाताला काम शोधायला माणसं मुंबईला जातातच. त्यातला पाचवा हिस्सा मुलांचा धरला, तर १३६ अंध मुलं निघतात. साक्षरता ८५ टक्क्यांवर असलेल्या या जिल्ह्यात प्रमाण देशापेक्षा कमीच असावं, म्हणून मी शंभर धरतो. आठ तालुक्यांत वाटले तर मालवणच्या वाट्याला बारा-तेरा. पहिली ते दहावी अशी विभागणी केली तर एका इयत्तेला जेमतेम एक मूल. तेही अख्ख्या तालुक्यात कुठे असेल कोण जाणे: एखादा आचऱ्यात, एखादी मसुऱ्यात, एखादा तोंडवलीत.

हा आकडा दिलासा देणारा वाटतो, पण अडचण त्यातच आहे. तोंडवली-तळाशीलची पट्टी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी अशी मध्ये अडकलेली. अशा गावात अंध मुलांचा वर्ग कधीच भरणार नाही, कारण मुलं एक किंवा शून्य. मग मुलाने शाळेकडे जायचं, किंवा शिक्षकाने मुलाकडे यायचं.

मुलाने जायचं तर कुठे? मुंबईत या शिक्षणाची परंपरा सव्वाशे वर्षांची आहे. १९००मध्ये अमेरिकन मिशनची शाळा सुरू झाली, तीच पुढे दादरची अंधशाळा. १९०२मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल. पुण्यात १९३४पासून पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड आहे. कोकणात मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती हे निवासी अंध विद्यालय आहे, पण मंडणगड रत्नागिरीच्या पार वरच्या टोकाला. तोंडवलीहून अडीचशे किलोमीटरांच्या पुढेच. मुंबई पाचशे. बेळगावची महेश्वरी अंधशाळा त्या मानाने जवळ, पण आंबोली घाट चढून राज्याची हद्द ओलांडली की माध्यमाचा आणि सवलतीच्या कागदांचा प्रश्न उभा.

आता एसटीचं गणित मांडू, कारण पालक ते मनातल्या मनात मांडतच असतात. एसटीत अंध प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे आणि अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला ५० टक्के. एका बाजूचं पूर्ण भाडं सोयीसाठी १०० रुपये धरा. मुलाला वसतिगृहात सोडायला जाताना मुलाचे २५, वडिलांचे ५०. परत येताना वडील एकटे, मग सोबत्याची सवलत कसली? पूर्ण १००. सोडायला १७५ झाले. सुट्टीत आणायला पुन्हा १७५. एका फेऱ्याचे ३५०, त्यांत मुलाचा वाटा ५०. सरकारची सवलत मुलाला मिळते, खर्चाचे सात भाग केले तर सहा पालकावर पडतात. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून आई गेली तर हेच ३५०चे २५० होतात. बापाशीपेक्षा आवस गेलेली बरी, एवढाच या हिशेबाचा निकाल! असे फेरे गणपती, दिवाळी आणि मे महिना मिळून वर्षाला तीन तरी होतात. त्यात बुडालेल्या दिवसांची मजुरी मी धरलेली नाही. शंभराच्या जागी खरं भाडं घातलं, की मूल आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत घरीच का राहतं, हे समजायला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

पोचलेली मुलं कोण असतात, याचा एक चांगला अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. पुण्याच्या डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी राज्यातल्या अंधशाळांमधल्या सोळा वर्षांखालच्या १,७७८ मुलांचे डोळे तपासले आणि निष्कर्ष २००७मध्ये छापले. ४१.३ टक्के मुलांमध्ये डोळ्याची घडणच जन्मतः सदोष होती. २२.२ टक्के मुलांचं बुबुळाचं पारपटल खराब झालं होतं. माझं बोट मात्र पुढच्या आकड्यांवर थांबतं. ३४.५ टक्के मुलांचा आजार टाळता किंवा बरा करता आला असता. ५४ मुलांना तर तपासणीनंतर थेट शस्त्रक्रियेसाठी पाठवलं. आणि २२४ मुलांना, म्हणजे १२.६ टक्क्यांना, भिंगासारखं साधन दिल्यावर जवळचं अधिक स्पष्ट दिसू लागलं. अंधशाळेच्या बाकावर बसलेल्या आठ मुलांपैकी एकाला ब्रेलच्या जोडीने छापील पुस्तकाचीही संधी होती आणि ती कोणी तपासून पाहिली नव्हती. शाळेत घालायच्या आधी नेत्रतज्ज्ञाकडे एक खेप, एवढी साधी गोष्ट. ती राहून जाते, कारण ‘याला दिसत नाही’ असं एकदा घरात ठरलं की पुन्हा डोळे तपासायला नेण्याचं कोणाला सुचत नाही.

उरलेल्या सातांसाठी ब्रेल. सहा ठिपक्यांचं एक घर, त्यातून ६३ खुणा. लुई ब्रेलने ही लिपी १८२४मध्ये, पंधराव्या वर्षी बांधली. भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ १९५१मध्ये ठरली. ‘तोंडवली’ छापील मराठीत चार अक्षरं. ब्रेलमध्ये काना-मात्रा-अनुस्वारालाही स्वतंत्र घर लागतं, म्हणून त, ओकार, अनुस्वार, ड, व, ल, ईकार अशी सात घरं होतात. त्यातले ठिपके ४, ३, २, ४, ४, ३, २, एकूण २२. पाटीच्या चौकटीत जाड कागद अडकवून मूल एकेक ठिपका टोच्याने कागदाच्या मागून उठवतं. म्हणजे गावाचं नाव लिहायला बावीस टोचे, तेही उजवीकडून डावीकडे आणि आरशातल्यासारखे उलटे. कागद पालटला की वाचायचं डावीकडून. मोठ्या माणसाला ऐकूनच गरगरतं, सहा वर्षांचं मूल महिन्याभरात त्यावर विचार करणं सोडून देतं. एक गंमत: ‘मालवण’मधला ण आणि अंकाआधी येणारी खूण ब्रेलमध्ये एकच आहे, ३-४-५-६ हे चार ठिपके. पुढे काय येतं त्यावरून बोटाला उमगतं.

गणितासाठी टेलरची पाटी. तिच्यात अष्टकोनी भोकं असतात आणि शिशाचे खिळे. खिळा आठ दिशांना फिरतो, दोन टोकं वेगळी, म्हणून एका खिळ्यातून सोळा चिन्हं निघतात. बाजारहाट शिकवताना नोटा येतात. १००, २०० आणि ५००ची नवी नोट, तिघींची रुंदी ६६ मिलिमीटर. लांबी १४२, १४६ आणि १५०. चार मिलिमीटरचा फरक बोटांनी ओळखायचा, तोही माशाच्या बाजारात ओल्या हाताने. डोळस माणसाला रंग दिसतो म्हणून तो लांबीकडे कधी पाहतच नाही. काठी घेऊन चालणं शिकवतात ते फरशीवर आणि डांबरी रस्त्यावर. तोंडवलीच्या वाळूत काठीचं टोक रुततं आणि आवाज देत नाही, तेव्हा सुट्टीत घरी आलेल्या मुलाला किनाऱ्यावर तिचा उपयोग थोडाच.

परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. लेखनिक मिळतो. बोर्ड दहावीला अपंग विद्यार्थ्यांना गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची मुभा देतं. ही मुभा दयाळू आहे आणि मला ती फार महाग वाटते. भूमिती स्पर्शाने शिकवायला साधनं आणि वेळ लागतो. शाळेकडे दोन्ही नसतील तर मुभा हाच रस्ता होतो, आणि अकरावीला विज्ञानाचं दार तिथेच बंद होतं. मग हार्मोनियम, तबला. कोकणात भजनाला पेटीवाला लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पेटी ही मुलाची आवड आहे की उरलेला एकमेव पर्याय, हे शाळेच्या वार्षिक अहवालात कळत नाही.

यशाच्या आकड्यांकडे येऊ. उल्हासनगरच्या प्रांजल पाटीलची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. ती दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकली. नागरी सेवेच्या २०१५च्या परीक्षेत तिचा क्रमांक ७७३ होता. रेल्वे लेखा सेवा पूर्ण अंधत्वाचं कारण सांगून नाकारली गेली. पुढच्याच परीक्षेत १२४वी येऊन ती भारतीय प्रशासकीय सेवेत गेली. तिच्या जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यात आणखी एक आकडा दिसतो: उल्हासनगर ते दादर, लोकलने तास-सव्वा तास. जलतरणपटू कांचनमाला पांडेने २०१७मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. तीही विदर्भातल्या शहरांत वाढलेली. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यभरातले जलतरणपटू सागरी स्पर्धेला उतरतात आणि त्यांत दिव्यांगांचाही गट असतो. समुद्र ज्यांच्या दारात आहे त्या गावांतलं अंध मूल मात्र बहुतेक वेळा काठावरच धरून ठेवलेलं असतं, बुडेल म्हणून.

नोव्हेंबर २०२५मध्ये कोलंबोला भारताच्या अंध महिला संघाने नेपाळला सात गडी राखून हरवलं आणि पहिला टी-२० विश्वचषक जिंकला. या खेळाचे नियम मला फार शहाणे वाटतात. अकरांत किमान चौघी पूर्ण अंध हव्यात आणि त्यांची प्रत्येक धाव दुप्पट मोजतात. म्हणजे थोडं दिसणाऱ्या मुलींचाच संघ करून जिंकायची पळवाट नाही. शाळांची दहावीची टक्केवारी आपण मोजतो तेव्हा किती मुलं पूर्ण अंध आणि किती अंशतः, हा भेद क्रिकेटइतका काटेकोरपणे कोणी ठेवत नाही. शंभर टक्के निकाल लागलेल्या शाळेचं कौतुक करण्याआधी तो ठेवायला हवा.

आता दुसरी वाट, शिक्षकाने मुलाकडे येण्याची. २०१६च्या कायद्याने ६ ते १८ वयाच्या अपंग मुलाला जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. समग्र शिक्षा अभियानात अशा मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये धरले जातात आणि मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये भत्ता. ब्रेल पुस्तकांना तर सात किलोपर्यंत टपालखर्चही नाही. स्वागत थोरात यांनी २००८मध्ये सुरू केलेलं ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक तोंडवलीच्या पोस्टमनच्या पिशवीतून फुकट येऊ शकतं. ते वाचायला शिकवणारा विशेष शिक्षक मात्र गावोगाव फिरणारा, एकाकडे अनेक शाळा. तो तोंडवलीला आठवड्यातून एक तास आला असं धरू, हेही उदार गृहीत आहे. प्राथमिक शाळेचे कामाचे दिवस वर्षाला २००, म्हणजे साधारण ३३ आठवडे, ३३ तास. निवासी शाळेत रोज एक तास ब्रेल झालं तर त्याच वर्षात २०० तास. तिथल्या पहिलीतल्या मुलाच्या एका वर्षाची बरोबरी करेपर्यंत तोंडवलीतलं मूल सहावी पार करतं.