स्कूटर शिकताना आधी ब्रेक

बिनगिअरची स्कूटर सोपी समजली जाते आणि नवशिक्याला तीच समजूत नडते. १९८४ साली किनेटिक होंडा आल्यापासून क्लच दाबणे, गिअर बदलणे ही कटकट मागे पडली. उजवी मूठ पिळली की गाडी निघाली. पण निघणे जितके सोपे, तितके थांबणे नाही. म्हणून शिकवणी ब्रेकपासून सुरू व्हावी.

पहिल्या दिवशी इंजिन बंदच ठेवावे. गाडी डबल स्टँडवरून उतरवणे, हँडल धरून ढकलत नेणे, ब्रेक दाबून थांबवणे एवढे जमले की शंभर किलोच्या आसपासचे ते वजन कोणत्या बाजूला कलते हे अंगाला कळते. बसल्यावर पाय जमिनीला नीट टेकत नसतील, तर ती स्कूटर शिकण्यासाठी योग्य नव्हे.

इंजिनाची गती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की आतला क्लच आपोआप पकड घेतो आणि मागचे चाक फिरू लागते. हा क्षण नवशिक्याला ओळखता येत नाही. गाडी झेपावते, घाबरलेला हात मूठ घट्ट आवळतो आणि आवळताना ती आणखी पिळली जाते. शेजारून कोणी ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडले तरी उपयोग होत नाही. मूठ सैल सोडून मग ब्रेक दाबण्याची सवय मोकळ्या मैदानात, माणसाच्या चालीच्या वेगात, हात आपोआप वळेपर्यंत घटवावी लागते.

उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, डावा मागच्याचा. ब्रेक लागताच भार पुढे सरकतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. त्याला घाबरून फक्त मागचा वापरणे चूक; वाळूवर किंवा वळणात पुढचा एकटाच करकचून दाबणे त्याहून घातक. दोन्ही एकत्र, हळूहळू दाबावेत. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे. जोडब्रेकच्या स्कूटरमध्ये डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो.

वळताना नजर चाकावर न ठेवता जायचे तिकडे ठेवावी. चाके लहान असल्याने खड्डा मोटारसायकलपेक्षा जास्त जाणवतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून निसरडे होते. तेव्हा शिकणे पुढे ढकलावे. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे हवे आणि पट्टा लावलेला हवा. ओढणी चाकाजवळ लोंबू देऊ नये.

रस्त्यावर येण्याआधी शिकाऊ परवाना लागतो. तो सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीसाठी आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वर असल्याने त्यांना १८ वर्षे पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.